सोसायटीच्या दारांची भाषा: फेल सेफ, फेल सिक्युअर, आरईएक्स हे सगळं मराठीत कसं सांगायचं?

पायरीवरचा_चहा (धागाकर्ता)
मंडळी, मदत हवी आहे. आमची सोसायटी पुण्यात, दोन विंग, ८४ फ्लॅट. ए विंगला अजून साधं कुलूप आणि वॉचमन, बी विंगच्या लॉबीला सहा वर्षांपूर्वी बसवलेलं कार्डवालं काचेचं दार. आता दोन्ही लॉब्या, जिन्याची दारं, गच्ची, मीटर रूम आणि पार्किंगचं बूम (गाड्या अडवणारा आडवा दांडा) सगळं एकदमच करून घ्यायचं ठरलंय. तीन कोटेशनं आली आहेत आणि तिन्हींत शब्दांचा नुसता पाऊस. फेल सेफ, फेल सिक्युअर, आरईएक्स, वीगंड, अँटी पासबॅक, डोअर हेल्ड, बीजीयू.

कमिटीत काय झालं ते सांगतो. जिन्याच्या दाराला एका कोटेशनमध्ये फेल सेफ होतं, दुसऱ्यात फेल सिक्युअर. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, सिक्युअर म्हणजे जास्त सुरक्षित, तेच घ्या. सगळ्यांनी हात वर केले. मी सेक्रेटरी, मीही केला. रात्री घरी बसून वाचलं आणि पोटात गोळा आला. आपण जिन्याच्या दाराला लाईट गेल्यावर बंद राहणारं कुलूप मंजूर करून बसलो होतो, आणि मंजूर केलं ते निव्वळ शब्द कानाला बरा वाटला म्हणून.

पुढच्या रविवारी परत मीटिंग आहे. त्याआधी मला एक पानभर मराठी करायचंय जे कमिटी, सिक्युरिटीवाले आणि चौथ्या मजल्यावरच्या आजी, सगळ्यांना कळेल. हे शब्द मराठीत आणायचे की तसेच ठेवून समजावायचे? आणि मुळात त्यांचा नेमका अर्थ काय? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया लिहा.

तारओढ्या
दादा, पंधरा वर्षं हेच काम करतोय, ठाणे ते पनवेल. तुमच्या पोटात गोळा आला ते बरोबरच झालं.

सेफ म्हणजे माणूस सेफ, सिक्युअर म्हणजे माल सिक्युअर, एवढं लक्षात ठेवा. फेल सेफ कुलूप लाईट गेली की सुटतं, दार मोकळं. फेल सिक्युअर लाईट गेली तरी धरून राहतं. मीटर रूम, सर्व्हर रूम, दागिन्यांचं दुकान इथे सिक्युअर. जिथून माणसं पळणार तिथे सेफ.

आणि आपल्याकडे सगळीकडे दिसतं ते ईएम लॉक, म्हणजे दाराच्या वर लांबट चंदेरी पट्टी, ते कायम फेल सेफच असतं, कारण ते चुंबक आहे, करंट आहे तोवर धरणार. कोणी ईएम लॉक फेल सिक्युअर देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

शेवंती
मी भाषांतराचं काम करते, म्हणून शब्दांबद्दल आधी. सरकारी पद्धतीने करायचं तर अपयश-सुरक्षित, अपयश-संरक्षित असं काहीतरी होईल आणि तुमच्या मीटिंगमध्ये परत तोच घोळ होईल. कारण सेफ आणि सिक्युअर दोन्हीला आपण सुरक्षितच म्हणतो. मराठीत हा फरक शब्दात नाही, तो वाक्यात आणावा लागतो. त्यामुळे माझं मत, नाव देऊच नका, दार काय करतं ते लिहा. "लाईट गेली की उघडणारं" आणि "लाईट गेली तरी बंद राहणारं". यात सेफ नाही, सिक्युअर नाही, हात वर करताना कोणाचा गैरसमज होणार नाही.

किल्लेदार_नाशिक
शेवंतीताईंशी अर्धा सहमत. वाक्य लिहा हे ठीक, पण आपल्याकडे दाराचे शब्द काय कमी आहेत का? कडी, कोयंडा, आगळ, खीळ, अडसर, दिंडी. किल्ल्याच्या दरवाजामागे भिंतीत सरकणारा आडवा वासा म्हणजे अडसर. हल्ली काचेच्या दाराला वरून खाली पिन पडते ते ड्रॉप बोल्ट, तो अडसरच की, फक्त उभा. आणि मोठा दरवाजा बंद ठेवून एकेक माणूस आत घ्यायला त्यातच छोटी दिंडी असायची, मान खाली घालून यावं लागे. आजचं टर्नस्टाइल तेच काम करतं, एका वेळी एकच माणूस.

कोटेशनमध्ये "टाइम झोन" हा शब्दही असेल बघा. मला वाटलं होतं अमेरिका-भारत वेळेचा काही प्रकार आहे. तर तो म्हणजे कोणतं कार्ड किती ते किती चालेल त्याचं वेळापत्रक. हिरकणी डोळ्यासमोर आणा, दूध घालायला रायगडावर गेली, सांजेला दरवाजे मिटले आणि तिचं कार्ड त्या टाइम झोनमध्ये बसेना. मग ती कडा उतरून गेली.

चाफेकळी२२
हिरकणीचं उदाहरण मी उद्या ऑफिसात वापरणार, आमच्या एचआरला टाइम झोन कधीच कळला नव्हता 😄

पायरीवरचा_चहा
वा, लगेच कामाचं मिळालं. "लाईट गेली की उघडणारं" हे तर पानावर जसंच्या तसं गेलं. तारओढ्या दादा, एक शंका. लाईट तर आमच्याकडे आठवड्यातून दोनदा जाते. मग प्रत्येक वेळी लॉबीचं दार सताड उघडं?

तारओढ्या
नाही, त्यासाठी बॅटरी. दाराच्या वर किंवा फॉल्स सीलिंगमध्ये लोखंडी डबी असते, त्यात एसएमपीएस म्हणजे पॉवर सप्लाय आणि १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी, यूपीएसमध्ये असते तीच. ६०० पौंडाचं ईएम लॉक, म्हणजे २७२ किलो ओढ, साधारण अर्धा अँपिअर खातं. कंट्रोलर (कोणाला दार उघडायचं ते ठरवणारी पेटी) आणि रीडर (दारावरचं कार्ड वाचणारं यंत्र) मिळून अजून पाव-अर्धा. म्हणजे कागदावर सात ते नऊ तास, प्रत्यक्षात बॅटरी दोन वर्षांची झाली की दोन तासांतच मान टाकते. कोटेशनमध्ये बॅटरी किती एएचची आणि किती वर्षांनी बदलून देणार ते लिहून घ्या. बहुतेक सोसायट्यांत मी डबी उघडतो तेव्हा बॅटरी फुगून डबीला चिकटलेली असते.

अजून एक, हे कोणी सांगत नाही. ईएम लॉकचे दोन भाग. चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी. ती पट्टी घट्ट पिळायची नसते. मधल्या स्क्रूखाली रबरी वायसर असतो, पट्टी किंचित डुलली पाहिजे म्हणजे ती चुंबकावर सपाट बसते. नवखा पोरगा पाना लावून गच्च करतो, पट्टी एका कडेने टेकते आणि २७२ किलोचं लॉक खांद्याने ढकललं की सुटतं. बी विंगचं दार पकडत नसेल तर आधी हाताने ती पट्टी हलवून बघा. हलली नाही तर दुखणं तिथे आहे.

निवृत्त_बंबवाला
मी अग्निशमन दलात ३१ वर्षं काढली. धागा वाचून बरं वाटलं की कोणीतरी हा प्रश्न दार बसवण्याआधी विचारतंय.

१३ जून १९९७ला दिल्लीच्या उपहार थिएटरात ५९ माणसं गेली. बहुतेक जण भाजून नाही, धुराने गुदमरून गेले, बाल्कनीतल्यांना बाहेर पडायची वाट मिळाली नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक काही नव्हतं, साध्या बंद दारांनी आणि अडवलेल्या वाटांनी हे केलं. धुरात माणसाला दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात तो कार्ड शोधणार नाही, कोड आठवणार नाही.

नॅशनल बिल्डिंग कोड २०१६, भाग ४ आगीबद्दलचा आहे. त्यात सरळ म्हटलंय, बाहेर पडायचं दार ज्या बाजूने लोक येणार त्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. कार्ड ही किल्लीच. त्यामुळे तुमच्या पानावर प्रत्येक दारापुढे दोन रकाने करा. लाईट गेली की काय होतं, आणि आगीची घंटा वाजली की काय होतं. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आग लागली तेव्हा लाईट असतेच बऱ्याचदा, आणि बॅटरी तर असतेच. म्हणजे फेल सेफ कुलूपसुद्धा बॅटरीच्या जोरावर गच्च धरून बसेल. म्हणून फायर पॅनेलकडून, म्हणजे आगीची घंटा चालवणाऱ्या पेटीकडून, एक तार आली पाहिजे जी कुलपाचा पुरवठाच तोडेल, मेन आणि बॅटरी दोन्ही.

आणि आपल्या राज्याच्या २००६च्या आगीच्या कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैला लायसन्सवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, घ्यावा लागतो. त्या दिवशी पंप चालतो का बघतात, दारं सुटतात का ते कोणी बघत नाही. तुम्ही बघायला लावा.

दुपारची_डुलकी
बंबवाले काका, मग ती हिरवी डबी असते ती काय? आमच्या ऑफिसात लाल एक आणि हिरवी एक, मला नेहमी भीती वाटते की चुकीची फोडीन.

तारओढ्या
लाल फोडली की आगीची घंटा. हिरवी फोडली की दार. कोटेशनमध्ये बीजीयू किंवा ईडीआर किंवा ब्रेक ग्लास अशा तीन-चार नावांनी येते, वस्तू एकच.

आणि भिंतीवरचं "एक्झिट" लिहिलेलं स्टीलचं बटण म्हणजे आरईएक्स, रिक्वेस्ट टू एक्झिट. नावातच बघा, विनंती आहे. तुम्ही कंट्रोलरला विनंती करता की बाबा दार सोड, तो ऐकतो आणि सोडतो. कंट्रोलर हँग झाला असेल तर विनंती ऐकणार कोण? हिरवी डबी विनंती करत नाही, तिच्यातून कुलपाची तारच गेलेली असते, फोडली की तार तुटली, कुलूप मेलं. निदान असं असायला पाहिजे. मी बघितलेल्या निम्म्याअधिक ठिकाणी हिरवी डबीसुद्धा कंट्रोलरलाच जोडलेली असते कारण तार वाचते.

शेवंती
आरईएक्सला "बाहेरचं बटण" नको, लोक दाराबाहेर शोधतील. "बाहेर पडायचं बटण" लिहा. हिरवीला "अडचणीत फोडायची हिरवी डबी". लांब आहे पण आजींना कळेल.

मृदगंध_कोल्हापूर
आमच्या अपार्टमेंटात बोटाचं मशीन लावलंय. माझ्या आईचं वय ७४, आयुष्यभर भांडी, शेणगोठा, विहिरीचा दोर, बोटाच्या रेषाच राहिल्या न्हाईत. रोज दारात उभी राहून तीनदा, चारदा बोट ठेवती, मशीन प्रत्येक वेळेला लाल. मग वॉचमन येऊन उघडतो. आता ती खाली बागेत जायचंच बंद केलीया, म्हणती दार मला वळखत न्हाई. मला हे फार लागतं. कामवाल्या मावशींचं पण तेच. कोटेशनमध्ये अचूकता ९९ टक्के असलं कायतरी लिहिलं हुतं, ती कुणाची अचूकता?

चौकस_डोळे
ताई, तुमचा प्रश्न अगदी नेमका आहे. बोटाच्या मशीनला दोन आकडे असतात, एफएआर आणि एफआरआर. पहिला म्हणजे परक्याला आपला समजून आत घेणं, दुसरा म्हणजे आपल्यालाच परका समजून दारात अडवणं. आणि हे तागडीसारखं आहे. मशीन कडक केलं की परका आत येत नाही पण तुमच्या आई अडतात. ढिलं केलं की उलटं. विकणारा जो आकडा दाखवतो तो बहुतेक पहिला असतो, आणि तुमच्या आईंना जे भोगावं लागतंय तो दुसरा. सोसायटीच्या दारावर दुसरा आकडा महत्त्वाचा, ही काही बँकेची तिजोरी नाही.

उपाय सांगतो. त्यांचं दुसऱ्या हाताचं बोट किंवा करंगळी नोंदवून बघा, तिथे रेषा कमी झिजतात. नाहीच झालं तर सरळ कार्ड. बहुतेक मशीनला कार्डही चालतं, कमिटीने नाही म्हणू नये.

वकील_नव्हे_पण
बोटाचा विषय निघाला म्हणून. कार्ड हरवलं तर नंबर रद्द करून दुसरं देता येतं. बोट बदलता येत नाही. मशीन बोटाचा फोटो नाही, त्यावरून काढलेला आकड्यांचा साचा ठेवतं हे खरं, पण तो साचा कुठे राहतो, दारावरच्या मशीनमध्ये की कंपनीच्या सर्व्हरवर, हे कोटेशनमध्ये विचाराच. २०२३चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमती मागतो, आणि ज्या कामासाठी घेतलं ते संपलं की पुसायला सांगतो. कामवाल्या मावशींना तर कोणी विचारतच नाही, बोट ठेवा म्हणतात. त्या काम सोडून गेल्या तरी साचा तिथेच.

मृदगंध_कोल्हापूर
चौकसराव, आजच संध्याकाळी डाव्या हाताची करंगळी लावून बघतो. आभार.

इंद्रायणीकाठ
दार राहू द्या, आमच्या पार्किंगच्या बूमची कथा ऐका. अँटी पासबॅक लावलं होतं. मला आधी समजलंच नव्हतं की हे नक्की काय. म्हणजे असं की एकदा कार्डावर गाडी आत आली की ती बाहेर गेल्याची नोंद होईपर्यंत तेच कार्ड परत आत चालत नाही, म्हणजे एक जण आत येऊन मागच्याला कार्ड देऊ शकत नाही. कल्पना उत्तम. पण सकाळी साडेआठला सगळे ऑफिसला निघतात तेव्हा रांग लागते म्हणून वॉचमन बूम हाताने वर करून ठेवायचा, बिचारा चांगल्या मनाने. झालं, सिस्टीमच्या हिशेबी चाळीस गाड्या आतच. संध्याकाळी पावसात सगळे दारात आणि बूम कोणालाच आत घेईना. रस्त्यापर्यंत हॉर्न. अखेर सॉफ्ट अँटी पासबॅक करून घेतलं, म्हणजे अडवत नाही, नुसती नोंद करतं.

शेवंती
"आत गेलेलं कार्ड बाहेर आल्याशिवाय परत चालणार नाही". हे मराठी पुरेल?

इंद्रायणीकाठ
पुरेल. पण खाली वॉचमनसाठी एक ओळ हवीच, "बूम हाताने उघडलं तर वहीत लिहा आणि ऑफिसला कळवा". नाहीतर शब्द कळून उपयोग नाही.

धरणाच्या_देशातून
नेदरलँड्समधून लिहितोय, आइंडहोवन. कार्डाबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. चहावाले, तुमच्या कोटेशनमध्ये कार्ड १२५ किलोहर्ट्झचं आहे की १३.५६ मेगाहर्ट्झचं ते बघा. पहिलं जाड पांढरं कार्ड किंवा निळी कीचेन, ते रीडरजवळ नेलं की स्वतःचा नंबर उघड उघड सांगतं, जो ऐकेल त्याला. त्याची नक्कल चावीवाल्याकडे पाच मिनिटांत होते.

दुसऱ्यात मायफेअर क्लासिक नावाची चिप असेल तर तेही आता जुनं. इथल्याच नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८मध्ये त्याचं गुपित फोडलं. इथल्या बस-ट्रेनसाठी तेव्हा नवीन येत असलेलं कार्ड त्याच चिपवर होतं, त्यामुळे केवढा गदारोळ झाला होता. कंपनी कोर्टात गेली, कोर्टाने संशोधकांना छापू दिलं. आज घ्यायचं तर डेसफायर चिपचं कार्ड मागा, थोडं महाग पडतं पण कार्ड आणि रीडर आधी एकमेकांना पारखतात, मगच बोलतात.

तारओढ्या
हे भाऊ बरोबर बोलतायत, आणि माझ्या धंद्यातली लोकं हे सांगत नाहीत कारण १२५चं कार्ड पंचवीस-तीस रुपयांना पडतं. पण कार्ड भारी घेऊन रीडरपासून आत वीगंड तार असेल तर अर्धं काम राहिलं. वीगंड म्हणजे रीडर आणि कंट्रोलरमधली बोलण्याची जुनी पद्धत, जॉन वीगंड नावाच्या माणसाच्या तारेवरून नाव पडलं. हिरवी तार शून्य, पांढरी तार एक, बस. एकाच दिशेने बोलते, गुपित ठेवत नाही, आणि रीडर कोणी उपटून नेला तरी कंट्रोलरला पत्ता लागत नाही. आता ओएसडीपी आलंय, दोन्ही बाजूंनी बोलतं, कुलूपबंद बोलू शकतं, रीडर काढला की लगेच कळतं. नवीन काम असेल तर तेच मागा, तार टाकायची मजुरी सारखीच आहे.

गणिताचा_मास्तर
वीगंडची गंमत सांगतो. सगळ्यात जास्त चालणारा साचा २६ बिटांचा. पुढे-मागे एकेक बिट तपासणीचा, मधले ८ जागेचे, त्याला फॅसिलिटी कोड म्हणतात, आणि १६ कार्डाचे. ८ बिटांत फक्त २५६ जागा, १६ बिटांत ६५,५३६ कार्डं. सगळ्या जगासाठी २५६ जागा! म्हणजे दोन सोसायट्यांना तोच कोड आणि तेच नंबर जाणं अजिबात अवघड नाही. आमच्या गल्लीत झालंय. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका मुलाने मस्करीत त्याचं कार्ड आमच्या दाराला लावलं आणि दार उघडलं. आमच्या चेअरमनना दोन दिवस झोप नाही.

चाफेकळी२२
मास्तर, हे वाचून मी आत्ता खाली जाऊन शेजारच्या बिल्डिंगचं कार्ड लावून आले. नाही उघडलं. हुश्श.

सातारची_सई
सगळं वाचलं. एक बोलू का? आमच्याकडे लाखाचं सामान बसवलं, डेसफायर का काय तेच. आणि रोज संध्याकाळी मी बघते, पार्सलवाला मुलगा हातात चार पिशव्या घेऊन दारात उभा असतो, आतून कोणीतरी येतं आणि त्याच्यासाठी दार धरून उभं राहतं. मी पण धरते. त्याच्या तोंडावर दार कसं लावणार? आपल्याला तसं वाढवलेलंच नाही. मग ही सगळी कार्डं कशाला?

चौकस_डोळे
सईताई, यालाही दोन नावं आहेत. टेलगेटिंग म्हणजे तुमच्या नकळत पाठोपाठ घुसणं. पिगीबॅकिंग म्हणजे तुम्ही समजून-उमजून सोबत आत घेणं. तुम्ही सांगितलं ते दुसरं. पहिल्यावर यंत्र काही करू शकतं, दुसऱ्यावर माणसांनी ठरवावं लागतं. आमच्याकडे लॉबीत दाराबाहेर एक टेबल आणि छोटं कपाट ठेवलं, पार्सल तिथे. मुलाला वर चढावं लागत नाही, आपल्याला दार धरावं लागत नाही, आणि त्याचा अपमानही होत नाही.

शेवंती
"पाठोपाठ घुसणं" आणि "सोबत आत घेणं". घ्या, पानावर अजून दोन.

रात्रपाळी_७
मी स्वतः सिक्युरिटीत आहे, चिंचवडला, बारा तास ड्युटी. आमच्यासाठी पान करताय हे वाचून बरं वाटलं. आम्हाला कधीच कोणी सांगत नाही, सिस्टीमवाला येतो, साहेबांना दाखवतो, जातो. रात्री दोनला टूं टूं सुरू होतं आणि स्क्रीनवर इंग्रजीत काहीतरी येतं. डोअर हेल्ड आणि डोअर फोर्स्ड यातला फरक मला तीन वर्षांनी कळला. हेल्ड म्हणजे कोणी कार्डाने उघडलं पण लावलं नाही, फुलझाडाची कुंडी अडकवून ठेवली वगैरे. फोर्स्ड म्हणजे कार्ड नाही, बटण नाही, तरी दार उघडलं. पहिल्याला शांतपणे जाऊन दार लावायचं. दुसऱ्याला एकट्याने जायचं नाही, आधी जोडीदाराला फोन. दोन्हीला आवाज सारखाच आहे सर. तुमच्या पानावर हे दोन मोठ्या अक्षरात लिहा, आणि जमलं तर त्यांना दोन वेगळे आवाज लावायला सांगा.

पायरीवरचा_चहा
रात्रपाळी दादा, हे तर आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. दोन वेगळे आवाज, कोटेशनमध्ये टाकतो.

किल्लेदार_नाशिक
फोर्स्डला "जबरीने उघडलं", हेल्डला "उघडं राहिलं". इथे तरी जुने शब्द चालतील ना, शेवंतीताई?

शेवंती
आनंदाने 🙂

पायरीवरचा_चहा
मंडळी, आज रविवार, सकाळचा वृत्तांत. मीटिंगआधी आम्ही पाच जण आणि आमचे वॉचमन काका बी विंगच्या दाराशी जमलो. बंबवाले काकांनी सांगितलेले दोन्ही रकाने करून बघायचं ठरवलं.

आधी ती वरची पट्टी हलवून बघितली. दगड. जराही डुलत नव्हती. मग मेनचा एमसीबी पाडला, दार धरूनच राहिलं, बॅटरी आहे म्हणून, ते ठीक. एक्झिटचं बटण दाबलं, उघडलं. मग हिरवी डबी, तिला चाचणीची छोटी प्लास्टिकची चावी असते, ती घालून दाबली. काही नाही. परत दाबली. दार जसंच्या तसं. सहा वर्षं ती डबी तिथे होती आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघून निर्धास्त होतो. डबी उघडली तर आत कंट्रोलरकडे जाणाऱ्या दोन बारीक तारा, त्यातली एक निघून लोंबत होती. फायर पॅनेलकडून तर तारच आलेली नाही. अखेर बॅटरीची क्लिप काढली तेव्हा टक् आवाज होऊन दार सुटलं.

ज्या ज्येष्ठ सभासदांनी सिक्युअर घ्या म्हटलं होतं ते तिथेच उभे होते. त्यांनी स्वतः ती प्लास्टिकची चावी माझ्या हातातून घेऊन तिसऱ्यांदा दाबून बघितली. मग म्हणाले, मागचा ठराव रद्द करा, मीच मांडतो. जिन्याची दारं लाईट गेली की उघडणारी, हिरवी डबी थेट कुलपाच्या तारेवर, फायर पॅनेलची तार सक्तीची, आणि बसवणाऱ्याने शेवटचं बिल मागण्याआधी हीच चाचणी आमच्यासमोर करून दाखवायची. मीटर रूम तेवढी लाईट गेली तरी बंद राहणारी, आतून हँडलने उघडणारी. एकमताने मंजूर. कार्ड डेसफायर, तारेत ओएसडीपी, बोटाचं मशीन नाही.

फक्त आमच्या वॉचमन काकांनी एक विचारलं आणि कोणाकडे उत्तर नव्हतं. म्हणाले, रात्री लाईट गेली, बॅटरी पण संपली, लॉबीचं दार मोकळं झालं, तर सकाळपर्यंत मी काय करायचं?

तारओढ्या
काकांना माझा नमस्कार सांगा, खरा प्रश्न त्यांनीच विचारला. लॉबीच्या दाराला चुंबकाशिवाय एक साधं यांत्रिक कुलूप पण घ्या, बाहेरून किल्ली, आतून बोटाने फिरवायची कळ, इकडे नॉब म्हणतात. बॅटरी मेली की काकांनी बाहेरून किल्लीने लावायचं, आतला माणूस कळ फिरवून कधीही बाहेर. हजार-बाराशेची वस्तू. काचेच्या दाराला खाली कोपऱ्यात बसणारं कुलूप, पॅच लॉक, येतं त्यात आतली कळ मिळते का ते विचारून घ्या, काहींना दोन्ही बाजूंनी किल्लीच असते, ते नको.

निवृत्त_बंबवाला
आणि ती किल्ली काकांच्या कमरेला. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही.

रात्रपाळी_७
सर, पान तयार झालं की इथे टाका. आमच्या गेटवर पण लावतो.